ऐंशी शब्दांची मुलगी

माझं इंग्रजी चांगलं आहे, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती. समजूत अगदीच निराधार नव्हती. शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी तपासणी विभागात काम करतो, तिथले सगळे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, आणि बावीस वर्षांत माझा एकही अहवाल भाषेवरून परत आलेला नाही. मापावरून तीन आले. तिन्ही वेळा माझंच माप बरोबर निघालं. ही समजूत मोडून काढायला एका पंधरा वर्षांच्या चिनी मुलीला साडेसात महिने लागले. त्यातले पहिले पाच-सहा महिने तर ती माझ्या भिडेपोटी गप्पच होती.

तिचं नाव युतिंग. तिचे वडील चेनसाहेब आमच्या कारखान्यात नवी प्रेस मशीनं बसवायला दोन वर्षांच्या करारावर आले होते आणि सिडकोतल्या माझ्या घराचा वरचा मजला कंपनीनं त्यांना घेऊन दिला होता. पहिलं वर्ष ते एकटे राहिले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या गाडीत बसायचे, संध्याकाळी परत यायचे, जिन्यात भेटलो तर मान लववायचे. दुसऱ्या वर्षी जुलैत सुट्टीवरून आले तेव्हा बरोबर मुलगी होती. काटकुळी, जाड चष्मा, पाठीवर तिच्यापेक्षा जड दप्तर.

त्याच रविवारी ते तिला घेऊन खाली आले. चेनसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं. ते मोबाइलमध्ये चिनी बोलायचे आणि मोबाइल एका बाईच्या आवाजात त्याचं इंग्रजी करून सांगायचा. मोबाइल म्हणाला, "माझी आई वारली. बायको दवाखान्यात परिचारिका आहे, तिच्या पाळ्या असतात. मुलगी घरात एकटी पडते. पण हे दुसरं कारण. पहिलं कारण, मुलगी गणितात उत्तम आणि इंग्रजीत एकशेवीसपैकी एकाहत्तर. भारत हा इंग्रजीचा देश आहे. इथं भिंतीसुद्धा इंग्रजी बोलतात. तुम्ही घरमालक आहात. कृपया."

मी भिंतीकडे पाहिलं. तिच्यावर मराठी दिनदर्शिका होती आणि आमच्या हिच्या हातानं लिहिलेली दुधाची नोंद.

मग मोबाइलनं बाकीचं समजावून सांगितलं. पुढच्या जूनमध्ये युतिंगची नववीची परीक्षा. तिकडे ती आपल्या दहावी-बारावीपेक्षा मोठी मानतात, कारण त्या गुणांवर पुढच्या शाळेत जागा मिळते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांना सोळाव्या वर्षी कारखान्याच्या कामाचं शिक्षण घ्यावं लागतं. चेनसाहेब स्वतः त्याच वाटेनं गेले होते. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. एक वर्ष आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करत होतो, आणि तपासणी विभागातल्या माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"किती गुण लागतील?" मी विचारलं.

"शंभर," युतिंग स्वतःच म्हणाली. पहिला शब्द.

एकाहत्तरवरून शंभर. एकोणतीस गुण, अकरा महिने. मी मनातल्या मनात भागाकार केला. महिन्याला अडीचच्या थोडे वर. मला ते सहज शक्य वाटलं. रोज संध्याकाळी एक तास मी शिकवीन असं मी कबूल केलं, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आमच्या घरात माझ्या इंग्रजीला तोवर कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गच्चीवर कुणी तरी भांडतंय असं वाटून मी वर धावलो. युतिंग भांडत नव्हती, वाचत होती. हातात पुस्तक धरून पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत जायची, वळायची, परत यायची आणि सगळा वेळ खणखणीत आवाजात धडा म्हणायची. त्यांच्याकडे शाळेत पहिल्या तासाच्या आधी सगळा वर्ग असंच मोठ्यानं वाचतो म्हणे. प्रत्येक जण वेगळं पान, सगळे एकाच वेळी. मनात वाचलेलं मनातच राहतं, असं त्यांच्या बाईंचं म्हणणं. टाकी ते कठडा एकोणीस पावलं होती. तासाभरात ती सुमारे सव्वाशे फेऱ्या मारायची आणि एकच धडा बारा ते पंधरा वेळा म्हणायची.

चौथ्या दिवशी शेजारचे रशीदभाई फाटकाशी आले. त्यांचं टायरचं दुकान आहे, पहाटेच उठणारा माणूस. म्हणाले, "अजी साब, छत पे नया रेडिओ लगाए क्या?"

मी म्हटलं, "भाडेकऱ्याची मुलगी आहे. परीक्षेचा अभ्यास करते."

"करने दो, करने दो. मैं तो इतनाच पूछ रा था, के बटन किधर है."

तिच्या अभ्यासाचं बटन कुणालाच सापडलं नाही. तीन आठवड्यांनी रशीदभाईंचा नातू तो धडा पाठ म्हणायला लागला तेव्हा त्यांची तक्रार आपोआप बंद झाली.

युतिंगची जगाकडे बघायची एकच पट्टी होती, ती म्हणजे गुण. शिकवताना मी थोडं विषयांतर केलं, समजा इंग्रजांच्या काळातल्या रेल्वेबद्दल काही सांगायला लागलो, की ती पेन खाली ठेवून शांतपणे ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "अंकल, नो मार्क." राग नाही, उद्धटपणा नाही. या माहितीला परीक्षेत गुण नाहीत एवढीच नोंद. उलट एखादी गोष्ट परीक्षेत येणारी असली की तिच्याभोवती लाल चौकट. पुढं पुढं हे आमच्या घरात रुळलं. भाजीत मीठ जास्त झालं की आमची ही स्वतःच म्हणायची, "आज नो मार्क." मी नवा शर्ट घालून पुढं उभा राहिलो तर मला खालपासून वरपर्यंत बघून, "नो मार्क."

हिला युतिंग म्हणता येईना. दोन दिवस प्रयत्न केले, तिसऱ्या दिवशी तिनं 'युती' करून टाकलं. ही लासूर स्टेशनची. तिच्या माहेरी कुठल्याही नावाचं दोन अक्षरांत भागतं. निवडणुकीचे दिवस होते. ही गॅलरीतून "युती, ए युती, ये गं खाली" असं ओरडायची तेव्हा रस्त्यावरची माणसं वर बघायची.

आता पत्रांबद्दल सांगितलं पाहिजे. यात माझी जी शोभा झाली ती मी कुणाला सांगितलेली नाही. हिनं मात्र लासूरला सगळ्यांना सांगितली आहे.

ऑगस्टमधली गोष्ट. वाऱ्यानं गच्चीवरून एक कागद उडाला आणि माझ्या स्कूटरच्या सीटवर येऊन पडला. उचलला तर इंग्रजी पत्र. अक्षर युतिंगचं, छापल्यासारखं. 'प्रिय पीटर, तू येणार हे कळून मला फार आनंद झाला. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी फाटकाजवळ तुझी वाट पाहीन. आपण दिवसभर बरोबर राहू. कृपया उशीर करू नकोस.' खाली सही होती, पण ती युतिंगची नव्हती. नाव भलतंच.

मी दोनदा वाचलं. परदेशात आलेली पंधरा वर्षांची मुलगी, बाप दिवसभर कारखान्यात, खोट्या नावानं पत्र, आणि शनिवारी नऊला माझ्या फाटकाशी कुणी पीटर. मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "पोरगी तशी वाटत नाय हो. विचारा की तिलाच."

सरळ विचारणं हा माझा स्वभाव नाही. आमच्या कामात आधी नमुने गोळा करतात. दोन दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ लागलो, जे मी लग्नापासून केलेलं नव्हतं, आणि तिथल्या तिच्या अभ्यासाच्या टेबलावरचे कागद येता-जाता पाहिले. एकूण नऊ पत्रं होती. पीटर, टॉम, जॅक, माइक, आणखी एक पीटर. एकाला ती वाचनालयात भेटणार होती, एकाला डोंगरावर नेणार होती, एकाला आजारी असल्याबद्दल धीर देत होती आणि एकाला, हे मात्र मला पटलं, तू मोबाइल फार वापरतोस म्हणून समजावत होती.

शनिवारी आठ वाजून चाळीस मिनिटांनी मी वर्तमानपत्र घेऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. पीटर आला तर त्याला काय बोलायचं याची चार वाक्यं तयार ठेवली होती. नऊ वाजले. सव्वानऊ. भंगारवाला आला, त्याला मी दोनदा निरखून पाहिलं. साडेनऊला युतिंग खाली आली. तिच्या हातात हिला द्यायचं रिकामं भांडं होतं.

"अंकल, तुम्ही कुणाची वाट बघताय?"

"तू कुणाची बघतेयस?" मी विचारलं आणि पत्र पुढं केलं.

तिनं पत्र पाहिलं, मला पाहिलं, खुर्ची पाहिली. मग ती खाली फरशीवर बसली आणि इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. साडेसात महिन्यांत ती तशी हसलेली मी तीनदाच पाहिली, त्यातली ही पहिली. ते सगळे पेपरातले मित्र होते. त्यांच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न हमखास पत्राचा, वीस गुणांचा, साधारण ऐंशी शब्दांचा. परदेशी मित्राला बोलवायचं, सल्ला द्यायचा, नाही तर आपल्या शाळेची ओळख करून द्यायची. सही करायची ती पेपरात दिलेल्या नावानं. स्वतःचं नाव लिहिलं तर गुण जातात, कारण तपासणाऱ्याला विद्यार्थी ओळखू यायला नको. मला आठवलं, आम्हीही बोर्डाच्या पेपरात पत्राखाली 'अ. ब. क.' लिहीत होतो. मी तर अ. ब. क. म्हणून पोस्टमास्तरांकडे मनीऑर्डर न मिळाल्याची तक्रारही केली होती. तेव्हा माझ्या वडिलांनी काही फाटकाशी खुर्ची टाकली नव्हती.

हे पुरतं कळल्यावर मी पत्रलेखन स्वतःच्या अंगावर घेतलं. वीस गुण म्हणजे काय थोडे नव्हेत, आणि पत्र हा तर माझा प्रांत. मला तिची वाक्यं फार तोकडी वाटायची. 'तुझं पत्र मिळालं. आनंद झाला.' हे काय पत्र आहे? मी तिला शिकवलं की पत्राची सुरुवात 'आपले दिनांक अमुकचे कृपापत्र यथावकाश प्राप्त झाले' अशी होते. शेवट 'आपल्या अनुकूल उत्तराच्या प्रतीक्षेत' असा. मधे 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'आपणांस विनंती करण्यात येते की'. हे सगळं माझ्या इंग्रजीत. पीटरला डोंगरावर बोलवायचं असो की आजारात धीर द्यायचा असो, माझी वाक्यं सगळीकडे बसत होती. हाच त्यांचा मोठा गुण असं मी तिला समजावून सांगितलं.

ती प्रत्येक वाक्य निळ्या वहीत उतरवून घ्यायची. पहिल्यांदा एकदा पेन थांबलं. "अंकल, हे लांब आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "लांब आहे म्हणूनच वजनदार आहे." तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यानंतर कधी पेन थांबलं नाही. नो मार्कही म्हणाली नाही. माझ्या विषयांतराला म्हणायची, माझ्या वाक्यांना नाही. यावरून मी जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता.

ऐंशी शब्दांबद्दल मात्र ती माझंही ऐकायची नाही. पेपरात साधारण ऐंशी लिहिलेलं असायचं, पण ती बरोबर ऐंशीच लिहायची. एक्क्याऐंशीवा शब्द लिहिला तर चूक व्हायची शक्यता वाढते, गुण वाढत नाहीत, हा तिचा हिशेब. मला तो आवडायचा. पत्र झालं की आम्ही दोघं पेनाच्या टोकानं शब्द मोजायचो. 'औरंगाबाद', तेव्हा गावाचं नाव तेच होतं, लिहायला एवढं मोठं आणि मोजायला एकच शब्द, याचं तिला फार वाईट वाटायचं.

माझा तास संपला की ती स्वयंपाकघरात जायची. तिथं काय चालतं याकडे मी बरेच दिवस लक्ष दिलं नाही, कारण तिथं इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. ही मटार सोलत असायची, ती समोर बसून सोलायची आणि बोलत असायची. इंग्रजीतच, मधे एखादा मराठी शब्द. "काकू, धिस लई हॉट." ही मराठीत उत्तर द्यायची. दोघींचं भागायचं. डिसेंबरात एका संध्याकाळी मी दिवाणखान्यात पेपर वाचत होतो आणि आतून तिचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा हळू. ती तिच्या आजीबद्दल सांगत होती. आजीनं कसं तिला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडलं, शेवटच्या आठवड्यात आजी तिला ओळखत नव्हती, आणि त्या आठवड्यात शाळेत चाचणी होती म्हणून ती आजीला भेटायला गेली नाही. चाचणी इंग्रजीची होती. काळ चुकत होते, शब्द मागे-पुढे होत होते. मी सवयीनं चुका मोजायला घेतल्या आणि सहाव्या चुकीनंतर मोजायचं राहून गेलं. ही मधे मधे "व्हय, व्हय बाई" म्हणत होती. शेवटी आतून नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

जानेवारीत तिच्या शाळेनं सराव परीक्षेचा पेपर पाठवला. वेळ दोन तास, पर्यवेक्षक मी. जेवणाच्या टेबलावर तिला बसवलं, घड्याळ समोर ठेवलं, हिला कुकरसुद्धा लावू दिला नाही. ही म्हणाली, "शिट्टीचे गुण कापतेत काय तिकडं?" दोन तास पुरे झाल्याबरोबर मी पेपर काढून घेतला. चेनसाहेबांनी फोटो काढून पाठवला. नवव्या दिवशी तपासून आला.

एकशेवीसपैकी नव्वद.

मी सगळ्यात आधी बाकीची पानं पाहिली. वाचनाच्या उताऱ्यांत तिनं पंधरा गुण वाढवले होते, रिकाम्या जागांत नऊ. गच्चीवरच्या फेऱ्यांचं ते फळ होतं, त्यात माझं काही नव्हतं. मग पत्र. वीसपैकी आठ. जुलैत माझ्याकडे आली तेव्हा पत्राला तेरा पडायचे. तिच्या बाईंनी लाल पेनानं सहा ठिकाणी वर्तुळं केली होती. सहाही वाक्यं माझी होती. समासात बाईंनी चिनीत एक ओळ लिहिली होती. मी विचारलं, काय लिहिलंय? युतिंग सांगेना. चेनसाहेबांनी मोबाइल त्या ओळीवर धरला. मोबाइलमधली बाई म्हणाली, "हे पत्र मित्राला आहे की न्यायालयाला?"

ही हसली. चेनसाहेब हसले नाहीत. ते पेपराकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात टेबलावर होता.

ते वर गेल्यावर मी युतिंगला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

तिनं विचार केला. ती कधी अंदाजपंचे उत्तर द्यायची नाही. "सप्टेंबरपासून. दुसरा आठवडा."

"मग लिहिलंस का? तुझ्या जागेचा प्रश्न आहे. मला सांगायचंस."

तिला हे इंग्रजीत सांगायला वेळ लागला. त्यांच्याकडे शिक्षकानं दिलेलं वाक्य विद्यार्थ्यानं खोडायचं नसतं. घरमालक असला तरी शिकवतो तो शिक्षक. "आणि अंकल, ते वाक्य लिहिताना तुम्ही फार खुश असता."

बावीस वर्षांत माझ्या लिखाणावर एवढा नेमका अभिप्राय कुणी दिला नव्हता.

त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही. पत्राचे बारा गुण गेले होते. तिचे जुने तेरा जरी मिळाले असते तरी बेरीज पंच्याण्णव झाली असती. पाच गुणांचा खड्डा मी माझ्या हातानं खणला होता, तोही रोज संध्याकाळी एक तास, रविवार न पाळता. नुसतं 'माझी वाक्यं लिहू नकोस' म्हणून भागलं नसतं. ती हो म्हणाली असती आणि परीक्षेत माझ्या मानासाठी एखादं तरी घातलं असतं. याची मला खात्री होती, कारण तिच्या वडिलांना मी तोवर ओळखायला लागलो होतो. ते अजून जिन्यात मान लववत होते.

तपासणी विभागात नोंद चुकली तर खाडाखोड चालत नाही. पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या मजकुरावरून एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. चुकलेल्यानंच करायची, दुसऱ्यानं नाही. मी युतिंगकडून निळी वही मागून घेतली, तिला समोर बसवलं आणि पट्टी धरून माझ्या पहिल्या वाक्यावर रेघ मारली. सही केली. तारीख घातली. मग दुसऱ्यावर.

सातव्या वाक्याला ती म्हणाली, "अंकल, सगळ्यांवर सही नको. वेळ जातो."

"नियम आहे."

"नो मार्क," ती म्हणाली.

मी थांबलो नाही. एकूण सत्तावन्न वाक्यं निघाली. चाळीस मिनिटं लागली. 'अनुकूल उत्तराच्या प्रतीक्षेत' यावर रेघ मारताना मला थोडं जड गेलं, हे कबूल करतो. शेवटच्या सहीनंतर तिनं वही स्वतःकडे ओढली, पानं उलटून पाहिली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथं मी तारीख घालायला विसरलो होतो. मी घातली.

त्या दिवसापासून तास स्वयंपाकघरात. शिकवणारी ही, म्हणजे मटार सोलणारी. मी दाराशी स्टुलावर. माझ्याकडे एकच काम उरलं, शब्द मोजायचं.

फेब्रुवारीत ती परत गेली. मुंबईपर्यंत वडील सोडायला गेले, पुढं एकटी. मार्च ते जून आम्हाला काही कळलं नाही, कारण परीक्षेपर्यंत तिच्या आईनं मोबाइल काढून घेतला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी चेनसाहेब जिना उतरून आले. हातात मोबाइल, पण बोलायला नव्हे, दाखवायला. चिनी अक्षरांच्या ओळी आणि त्यांत आकडे. त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं, करंगळीचं. एकशेचार. मग शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि मान हलवली. जागा मिळाली होती. आत गुळाची ढेप फोडत असलेली ही बाहेर आली आणि हातातला खडा तसाच त्यांच्या तोंडात घातला. चेनसाहेबांना गूळ माहीत नव्हता. ते तो चघळत बराच वेळ उभे राहिले आणि मग वर गेले.

युतिंगला मी शेवटचं पाहिलं ते सप्टेंबरात, मोबाइलवर. तिची नवी शाळा निवासी होती आणि पहिल्याच दिवशी फाटकावर मोबाइल जमा करायचे होते. तिच्याकडे दहा मिनिटं होती. केस बारीक कापलेले, अंगात निळा-पांढरा ढगळ गणवेश, मागे मुलांची रांग पुढं सरकत होती. हिची चौकशी झाली. जेवलीस का, थंडी आहे का, सगळं. मग ती मला म्हणाली की तिला पत्राला अठरा मिळाले. या वेळी पत्र पीटरला होतं, पण विषय होता, ज्या माणसाकडून तू काही शिकलास त्याची ओळख करून दे.

मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

"मी काकूंबद्दल लिहिलं," ती म्हणाली.

ही म्हणाली, "काय म्हणतीय? माझं नाव घेतलं ना तिनं?"

"मी म्हणून दाखवते. पाठ आहे. अंकल, तुम्ही काकूंना मराठीत सांगा. सगळं सांगा, काही गाळू नका."

तिनं हात मागे बांधले आणि सुरुवात केली. एक वाक्य म्हणायची, थांबायची, मी हिला सांगायचो. गेल्या वर्षी मी दूरच्या एका गावी राहत होते. तिथं एक काकू आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. मी रोज त्यांच्याजवळ बसून इंग्रजी बोलायचे. माझ्या चुका त्यांना कळत नसत, म्हणून मला भीती वाटत नसे. त्यांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. त्या फक्त ऐकत होत्या.

हिनं पदर डोळ्यांना लावला. "लबाड," ती म्हणाली. "मला सगळं कळत होतं."

युतिंग पुढं म्हणाली. मी क्षणभर थांबलो.

"सांगा की," ही म्हणाली.

"त्यांचे यजमान फार काटेकोर आहेत," मी सांगितलं. "ते सगळं मोजतात आणि कमी हसतात."

"बरोबर लिवलंय पोरीनं."

मागची रांग जवळजवळ संपली होती. कुणी तरी तिला हाक मारली. तिनं एक बोट वर केलं, एकच वाक्य राहिलंय असं. "पण एके दिवशी त्यांनी," ती म्हणाली, आणि चित्र थिजलं. तोंड उघडं, बोट वर, चष्म्यावर उजेड. आवाज गेला. आम्ही दोघं मोबाइल धरून तसेच बसलो. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. मी परत लावला तर बंद लागला. जमा झाला असणार.

"पण एके दिवशी त्यांनी काय?" हिनं विचारलं. "काय केलं हो तुम्ही?"

सवयीनं मी तिच्या पत्राचे शब्द बोटांवर मोजत होतो. चौऱ्याहत्तर झाले होते.

"सहा शब्दांत मावेल, असं काही तरी," मी म्हटलं.